माणूस मत देतो की समाज? गटाची ओळख आणि वैयक्तिक निवड यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मत व्यक्ती देते की गट?

मतपत्रिकेवर शिक्का मारताना माणूस एकटाच असतो. मात्र तिथपर्यंत पोचलेला हा माणूस एखाद्या घरात वाढलेला असतो, एखादी भाषा बोलत असतो, कुठल्यातरी धर्मात, जातीत, वर्गात किंवा वंशात गणला जात असतो आणि ज्यांच्या शब्दाला तो मान देतो अशी चार माणसे त्याच्या भोवती असतात. म्हणून निवडणुकीच्या निकालात एकाच वेळी दोन्ही गोष्टी दिसतात: प्रत्येक मत स्वतंत्रपणे पडलेले असते आणि तरीही त्या मतांचे ठळक पुंजके झालेले असतात.

या पानावरील बहुतेक उत्तरांच्या मुळाशी एकच मुद्दा आहे. गटाबरोबर जाणे हीसुद्धा विचारपूर्वक केलेली निवड असू शकते. पण ती खरोखर निवड आहे की नाही, हे ठरवायचे असेल तर वेगळे मत देणाऱ्याला त्याची काय किंमत मोजावी लागते, ते आधी तपासावे लागते.

‘अमुक समाजाची इतके टक्के मते अमुक पक्षाला’ हे आकडे येतात कुठून, आणि त्यांवर किती विसंबावे?

मते गुप्त असल्यामुळे असा आकडा कोणत्याही अधिकृत निकालात नसतो. तो दोनच वाटांनी येतो. पहिली वाट म्हणजे मतदारांना विचारणे: मतदान करून बाहेर पडताना किंवा नंतर घरी जाऊन. इथे नमुना कसा निवडला आणि लोकांनी खरे सांगितले का, हे दोन प्रश्न उरतात. लहान गटांच्या बाबतीत तर नमुन्यात त्या गटाची जेमतेम शे-दीडशे माणसे असतात आणि त्यांच्या उत्तरांवरून लाखो लोकांविषयी ठाम विधान केले जाते.

दुसरी वाट अधिक फसवी आहे. मतदान केंद्राचा निकाल आणि त्या वस्तीची लोकसंख्या शेजारी शेजारी मांडून अंदाज बांधायचा. एक उदाहरण घेऊ. एका केंद्रावर १००० मते पडली. त्यांतले ७०० मतदार ‘अ’ गटाचे आहेत आणि ३०० इतर. एका पक्षाला ६०० मते मिळाली. ‘अ’ गटाने त्या पक्षाला भरभरून मते दिली, असा निष्कर्ष लगेच निघतो. आता हिशेब करू. ती सगळी ६०० मते ‘अ’ गटाचीच असतील, तर त्या गटाचा पाठिंबा सुमारे ८६ टक्के होतो. पण इतर ३०० जणांनी झाडून त्या पक्षाला मत दिले असेल, तर ‘अ’ गटातून आलेली मते उरतात फक्त ३००, म्हणजे सुमारे ४३ टक्के. तोच निकाल, तीच वस्ती. आणि खरे उत्तर या दोन टोकांच्या मध्ये कुठेही असू शकते.

या चुकीचे गाजलेले उदाहरण मतदानाचे नाही. विल्यम रॉबिन्सन या समाजशास्त्रज्ञाने १९५० मध्ये अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेचे आकडे तपासले. ज्या राज्यांत परदेशात जन्मलेल्या लोकांचे प्रमाण जास्त, तिथे निरक्षरता कमी दिसत होती. माणूस हा एकक धरून पाहिले तर चित्र उलटे होते: परदेशात जन्मलेल्यांमध्ये निरक्षरता अधिक होती. ते लोक साक्षरता आधीच जास्त असलेल्या राज्यांत जाऊन राहिले होते, एवढाच त्याचा अर्थ. प्रदेशाचा गुण माणसाला चिकटवण्याची ही सवय निकालाच्या रात्रीच्या चर्चांत अजूनही जोरात आहे.

एखादी ओळख मतदानात केव्हा महत्त्वाची ठरते?

ओळख असणे आणि ती मतदानात उतरणे या वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत १९६० मध्ये जॉन केनेडी डेमोक्रॅटिक पक्षाकडून अध्यक्षपदासाठी उभे होते. तोवर त्या देशात एकही कॅथलिक अध्यक्ष झालेला नव्हता आणि कॅथलिक माणूस त्या पदाला पात्र आहे का, हाच प्रचारातला उघड प्रश्न होता. गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या अंदाजानुसार सुमारे ७८ टक्के कॅथलिक मतदारांनी त्यांना मत दिले. चार वर्षांपूर्वी त्याच पक्षाच्या उमेदवाराला त्यांतले जेमतेम निम्मे मिळाले होते. पुढे २००४ मध्ये जॉन केरी हे आणखी एक कॅथलिक उमेदवार त्याच पक्षाकडून उभे राहिले, तेव्हा मतदानोत्तर चाचण्यांनुसार कॅथलिकांची अधिक मते त्यांच्या प्रतिस्पर्ध्याला, जॉर्ज बुश यांना मिळाली. धर्म तोच, पक्षही तोच. मधल्या ४४ वर्षांत कॅथलिक असण्यावरून कोणी दार बंद करत नव्हते, त्यामुळे ते दार उघडण्यासाठी एकजूट करण्याचे कारणही उरले नव्हते.

दुसरे उदाहरण आफ्रिकेतले आहे. झांबिया आणि मलावी यांच्यामधली सीमा वसाहतकाळात आखली गेली आणि चेवा व तुंबुका हे दोन्ही समाज तिच्या दोन्ही बाजूंना विभागले गेले. राज्यशास्त्रज्ञ डॅनियल पोस्नर यांनी सीमेलगतच्या गावांत जाऊन केलेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मलावीत हे दोन समाज राजकीय प्रतिस्पर्धी होते, तर काही मैलांवर, झांबियात, तेच समाज एकमेकांना सहकारी मानत होते. भाषा, चालीरीती, पूर्वज यांत फरक नव्हता. फरक होता तो आकाराच्या गणितात: मलावीसारख्या लहान देशात प्रत्येक समाज स्वतःच्या बळावर सत्तेचा पाया होऊ शकेल इतका मोठा होता, झांबियात दोन्ही इतके लहान ठरत की ‘आपण पूर्वेकडचे’ या नावाखाली एकत्र येण्यातच त्यांना शहाणपण वाटे. समाजा-समाजांतले वैर ‘पिढ्यानपिढ्यांचे’ आहे असे कोणी सांगू लागले की मला ही सीमारेषा आठवते.

गट पाहून मत देणारा मतदार विचार करत नाही, असे म्हणता येईल का?

असे सरसकट म्हणणे चुकीचे आहे, आणि बऱ्याचदा ते केवळ दुसऱ्यांच्या गटाविषयी म्हटले जाते. आपले लोक एकत्र मत देतात तेव्हा ती जागरूकता असते आणि समोरचे देतात तेव्हा मेंढरांचा कळप असतो, हा भाषेतला दुजाभाव ऐकणाऱ्याच्याही लक्षात येत नाही.

अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९५७ मध्ये मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो. लाखो मतांत एका मताने निकाल बदलण्याची शक्यता नगण्य असते. मग सर्व उमेदवारांचे सर्व विषयांवरचे धोरण अभ्यासण्यात सामान्य माणसाने किती वेळ घालवावा? तो जवळची वाट शोधतो. उमेदवार आपल्यातला आहे, आपल्यासारख्यांच्या अडचणी त्याला ठाऊक असतील, निदान त्याच्या दारात आपल्याला उभे तरी करतील, हा अंदाज चुकू शकतो, पण तो अविचार नव्हे.

गटाचा कल हिशेबाने ठरत असेल तर हिशेब बदलताच कलही बदलायला हवा, आणि तसे घडलेले दिसते. अमेरिकेतील १९६० च्या निवडणुकीत गॅलपच्या अंदाजानुसार श्वेतेतर मतदारांपैकी जवळपास तिसऱ्या हिश्श्याने रिपब्लिकन पक्षाच्या निक्सन यांना मत दिले होते. १९६४ मध्ये वंशभेदाला बंदी घालणारा नागरी हक्क कायदा झाला, त्याच्या विरोधात सिनेटमध्ये मत देणारे बॅरी गोल्डवॉटर त्याच पक्षाचे उमेदवार झाले आणि हा वाटा सुमारे ६ टक्क्यांवर आला. अवघ्या चार वर्षांत झालेली ही घसरण सवयीने किंवा आंधळ्या निष्ठेने समजावून सांगता येत नाही. आपल्या आयुष्याचे काय होणार हे आपल्या समाजाचे काय होणार यावर अवलंबून आहे, असे ज्याला अनुभवाने कळले आहे, त्याच्यासाठी गटाचे हित हाच स्वतःच्या हिताचा सर्वांत भरवशाचा अंदाज असतो.

मग केवळ ‘आपला’ म्हणून, कसलाही लाभ नसताना, माणसे गटाकडे झुकतच नाहीत का?

झुकतात, आणि हिशेबाच्या स्पष्टीकरणाची मर्यादा इथेच येते. मानसशास्त्रज्ञ हेन्री ताज्फेल यांनी १९७० च्या सुमारास ब्रिस्टलमधील १४-१५ वर्षांच्या शाळकरी मुलांवर प्रयोग केले. पडद्यावरचे ठिपके मोजण्याचा अंदाज किंवा क्ले आणि कँडिन्स्की यांच्यापैकी कोणाची चित्रे आवडली, असल्या क्षुल्लक निमित्ताने मुलांना दोन गटांत घातल्याचे सांगितले. प्रत्यक्षात विभागणी निव्वळ चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती. नंतर प्रत्येकाने इतर दोन मुलांना थोडे पैसे वाटायचे होते, आणि स्वतःच्या पदरात त्यातून काही पडणार नव्हते. तरीही मुले आपल्या गटाला झुकते माप देत. त्याहून विचारात पाडणारी गोष्ट म्हणजे, आपल्या गटाला एकूण कमी मिळाले तरी चालेल पण समोरच्यापेक्षा जास्त मिळाले पाहिजे, अशीही वाटणी ती पसंत करत. प्रयोगशाळेतल्या मुलांवरून थेट मतदारांकडे उडी मारू नये हे खरे; पण ‘आम्हाला काही मिळाले नाही तरी चालेल, त्यांची जिरली पाहिजे’ हा सूर प्रचारसभांत ऐकलेला नाही असा वाचक विरळा.

एकाच माणसाच्या दोन ओळखी त्याला विरुद्ध दिशांना ओढू लागल्या तर?

१९४० मध्ये पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातील एरी काउंटीमध्ये सुमारे ६०० मतदारांच्या एकाच गटाला मे ते नोव्हेंबर या काळात पुन्हा पुन्हा भेटून प्रश्न विचारले. प्रचार लोकांची मते कशी बदलतो हे त्यांना पाहायचे होते. आढळले ते असे की बदलणारे थोडेच होते. आर्थिक स्थिती, धर्म आणि राहण्याचे ठिकाण एवढे माहीत झाले की बहुतेकांचा कल आधीच सांगता येत होता. ज्यांच्या ओळखी एकमेकींशी भांडत होत्या, उदाहरणार्थ ज्यांचा धर्म एका पक्षाकडे आणि सांपत्तिक स्थिती दुसऱ्याकडे ओढत होती, ते निर्णय लांबणीवर टाकत आणि काही वेळा निवडणुकीतला त्यांचा रसच कमी होई.

वैयक्तिक निवडीला सर्वाधिक वाव जिथे असतो, तिथेच माणूस अडखळतो, असे यातून दिसते. पण माझ्या मते लोकशाहीला या अडखळणाऱ्यांचा मोठा आधार आहे. ज्या समाजात धर्म, वर्ग, भाषा आणि प्रदेश यांच्या सगळ्या रेषा एकावर एक बसतात, तिथे कोणीच अडखळत नाही आणि निवडणूक म्हणजे शिरगणती होऊन बसते.

गटाचा दबाव प्रत्यक्षात कसा काम करतो?

त्याला दोन गोष्टी लागतात: तुम्ही काय केले हे इतरांना कळले पाहिजे, आणि कळल्यावर त्यांना तुमचे काहीतरी बिघडवता आले पाहिजे.

ब्रिटनमध्ये १८७२ पर्यंत मतदाराला सर्वांसमोर उमेदवाराचे नाव उच्चारावे लागे. लेखनिक ते वहीत टिपून घेई आणि अनेक ठिकाणी या वह्या छापून विकल्या जात. कुळाने, दुकानदाराने किंवा कामगाराने कोणाला मत दिले हे जमीनदाराला निवांतपणे वाचता येई. गुप्त मतदानाचा कायदा झाल्यावर त्यानुसार संसदेची पहिली निवडणूक १५ ऑगस्ट १८७२ रोजी पाँटिफ्रॅक्ट येथे पोटनिवडणूक म्हणून झाली. हे गाव ज्येष्ठमधाच्या वड्यांसाठी प्रसिद्ध. मतपेटीच्या लाखेवर जो ठसा उमटवला तो अशा वड्यांवर मारायच्या कारखान्यातल्या शिक्क्याचाच होता. ती पेटी आजही जतन केलेली आहे.

चिलीत हा बदल १९५८ मध्ये आला. तोवर प्रत्येक पक्ष स्वतःची मतपत्रिका छापत असे आणि हासेंदांचे, म्हणजे मोठ्या जहागिरींचे, मालक आपल्या कुळांच्या हाती हवी ती पत्रिका ठेवून त्यांना मतदानाला नेत. सरकारने सर्व उमेदवारांची एकच अधिकृत पत्रिका आणली, तेव्हा ज्या भागांत अशी कुळे जास्त होती तिथे जमीनदारांच्या बाजूच्या पक्षांची मते लक्षणीय घटली. या काळाचा अभ्यास करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांना त्याच भागांत जमिनीच्या किमतीही उतरलेल्या आढळल्या. जमिनीबरोबर तिच्यावरच्या माणसांची मतेही मालकाला मिळत, आणि ती मिळेनाशी होताच भाव पडला, असा त्यांनी लावलेला अर्थ आहे. तोवर या भागांकडे दुरून पाहणाऱ्याला ‘इथली कुळे परंपरेने मालकाबरोबर मत देतात’ असेच वाटले असते.

दबाव नेहमी मालकाचा नसतो. शेजाऱ्याची नजर पुरते. अमेरिकेतील मिशिगन राज्यात कोण मतदानाला गेले आणि कोण नाही याची नोंद सार्वजनिक असते (मत कोणाला दिले ते अर्थातच गुप्त). २००६ मध्ये संशोधकांनी काही घरांना पत्र पाठवले, त्यात त्यांची आणि शेजाऱ्यांची आधीच्या निवडणुकांतली हजेरी छापली होती आणि यंदाचीही यादी अशीच सर्वांना पाठवू असे कळवले होते. पत्र न मिळालेल्यांत मतदान २९.७ टक्के झाले, मिळालेल्यांत ३७.८ टक्के.

म्हणजे गुप्त मतदानाने प्रश्न सुटला?

व्यक्तीपुरता पुष्कळसा सुटला, वस्तीपुरता नाही. केंद्रनिहाय निकाल जाहीर होतो तेव्हा एकाचे मत कळत नसले तरी त्या वस्तीचे कळते, आणि बक्षीस किंवा शिक्षा, म्हणजे रस्ता, पाणी, दिवाबत्ती, वस्तीलाच देता येते. भारतात मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांच्या पत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची तरतूद होती. मतदान यंत्रे आल्यावर प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा दिसू लागला. यावर उपाय म्हणून १४ यंत्रांची मते एकत्रच मोजणारे ‘टोटलायझर’ हे उपकरण निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवले आणि विधी आयोगानेही २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालात त्याची शिफारस केली. निकाल वस्तीवार कळत असेल, तर वस्तीतल्या वेगळा विचार करणाऱ्या माणसावर दबाव बाहेरच्यांचाच असतो असे नाही. ‘तुझ्यामुळे आपला आकडा पडला’ म्हणणारे घरचेच असतात.

‘व्होट बँक’ हा शब्द एकगठ्ठा मते देणाऱ्या समाजासाठीच आहे ना?

मूळचा नाही. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९५५ मध्ये म्हैसूरकडच्या एका खेड्याविषयी लिहिताना तो वापरला, तेव्हा त्यातून आश्रयदाता आणि त्याचे आश्रित हे नाते सूचित होत होते: गावातला वजनदार माणूस आपल्या शब्दातली मते पक्षाला मिळवून देई. पुढे शब्दातला मध्यस्थ गळून पडला आणि एकगठ्ठा मते देणाऱ्या समाजालाच तो चिकटला. दोष देण्याची दिशा त्याबरोबर बदलली, हे ध्यानात ठेवावे.

एका घरातली माणसे एकच मत देतात का?

बऱ्याच अंशी देतात, पण गृहीत धरावे इतकी नाही. स्त्रियांना मताधिकार दिला तर नवऱ्याचे मत दुप्पट होईल, एवढाच त्याचा परिणाम, असा युक्तिवाद एके काळी अनेक देशांत होत असे. अमेरिकेत १९८० पासून अध्यक्षीय निवडणुकांत स्त्री-पुरुषांच्या कलांत टिकून राहिलेला फरक दिसतो. त्या वर्षी रिपब्लिकन उमेदवार रेगन यांना पुरुषांपेक्षा स्त्रियांची मते सुमारे ८ टक्के अंकांनी कमी पडली.

पक्ष हीच एक ओळख होऊ शकते का?

होते. अमेरिकेत १९६० च्या पाहणीत, आपल्या मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या माणसाशी लग्न केले तर वाईट वाटेल असे सांगणारे दोन्ही पक्षांत सुमारे ५ टक्केच होते. २०१० मध्ये हे प्रमाण रिपब्लिकनांमध्ये जवळपास निम्मे आणि डेमोक्रॅटांमध्ये एक-तृतीयांश झाले. पक्ष जेव्हा सोयरिकीच्या प्रश्नात शिरतो, तेव्हा पक्षाच्या कामगिरीवरून मत बदलण्याची अपेक्षा फारशी उरत नाही.

राज्यघटनेनेच गट ठरवून दिले तर व्यक्तीच्या निवडीचे काय होते?

ते रचना कशी केली यावर अवलंबून आहे. लेबनॉनच्या संसदेत १२८ जागा ख्रिस्ती आणि मुस्लिम यांच्यात निम्म्या-निम्म्या आणि त्यातही पंथनिहाय वाटलेल्या आहेत. मतदार मात्र पंथानुसार वेगळे केलेले नाहीत. भारतात १९३२ च्या पुणे कराराचा वाद नेमका या फरकावर होता. विभक्त मतदारसंघात गटाचा प्रतिनिधी फक्त गटच निवडतो. करारानंतरच्या संयुक्त मतदारसंघात जागा राखीव, पण मत सर्वांचे. पहिल्या पद्धतीत गटाला स्वतःचा आवाज मिळतो आणि माणूस गटाच्या कुंपणात राहतो. दुसरीत कुंपण पडते, पण निवडून येणारा कोणाच्या मतांवर अवलंबून आहे हा प्रश्न उभा राहतो. डॉ. आंबेडकरांनी तो पुढेही सातत्याने विचारला, आणि तो आजही जुना झालेला नाही.

बोस्नियात युद्ध संपवणाऱ्या १९९५ च्या डेटन करारानुसार राष्ट्राध्यक्षपद तिघांचे मिळून आहे: एक बोस्नियाक, एक क्रोएट, एक सर्ब. तिन्हींपैकी कोणीही नसलेल्या नागरिकाने काय करायचे? देर्वो सेय्दिच हे रोमा समाजाचे आणि याकोब फिंची हे ज्यू. दोघांनाही या पदासाठी उभे राहता येत नव्हते. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने डिसेंबर २००९ मध्ये हा भेदभाव असल्याचा निकाल दिला, मात्र त्यानंतर कित्येक वर्षे घटनादुरुस्ती रखडलेलीच राहिली.

न्यूझीलंडची रचना मला या सर्वांत विचार करण्याजोगी वाटते. तिथे मूळ रहिवासी असलेल्या माओरींसाठी वेगळ्या जागा १८६७ पासून आहेत. सुरुवातीची रचना उदार नव्हती: जागा चारच, आणि इतरांना १८७० पासून गुप्त मतदान मिळाले तरी माओरी मतदार १९३८ च्या निवडणुकीआधीपर्यंत अधिकाऱ्यासमोर तोंडीच नाव सांगत होते. १९७५ पासून प्रत्येक माओरी वंशाच्या मतदाराला माओरी यादीत राहायचे की सर्वसाधारण यादीत, हे स्वतः ठरवता येते. २०२३ पासून निवडणुकीआधीचा तीन महिन्यांचा काळ वगळता ही यादी केव्हाही बदलता येते. १९९३ च्या कायद्यानंतर किती जण माओरी यादी निवडतात यावरून माओरी जागांची संख्या ठरू लागली, आणि ती १९९६ च्या निवडणुकीत ५, १९९९ मध्ये ६ व २००२ मध्ये ७ झाली.